विटनूम: गाव पाडलं, ढीग तसेच

(ड्रोनदृश्य: दरी, वरून)

पश्चिम ऑस्ट्रेलियाचा पिलबारा प्रदेश, विटनूम गावाजवळची दरी. कडे तांबडे, माती तांबडी. मग दरीच्या उतारावर हा निळसर करडा रंग कुठून आला? हा इथल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीचा टाकाऊ चुरा आहे. तीस लाख टन.

ही बंजिमा या मूळनिवासी लोकांची भूमी. २०१४ साली न्यायालयाने त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला. जमीन त्यांची ठरली, ढिगांसकट.

(जवळून: काचेआडचा नमुना)

खडकाच्या थरांमधली ही निळी शीर म्हणजे निळं अ‍ॅस्बेस्टॉस. दगडच, पण पिंजला की कापसासारखा सुटतो. आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांत असतं ते पांढरं. हे त्याहून घातक.

(जुनी छायाचित्रं)

१९४३ ते १९६६ ही खाण सीएसआरच्या उपकंपनीने चालवली. सीएसआर म्हणजे मुळातली साखर कंपनी, बरं का! खडक फोडायचा, गिरणीत भरडायचा, तंतू वेगळे काढून गोण्यांत भरायचे आणि उरलेला चुरा सरळ दरीत ओतायचा. सगळे तंतू काही निघत नाहीत, बरेच चुऱ्यातच राहतात. तोच चुरा गावातल्या रस्त्यांवर पसरला, अंगणांत टाकला. गोण्यांची वाहतूक करणाऱ्यांत मूळनिवासी कामगारही होते.

(ओढ्याचं पात्र, संथ)

एरवी हा ओढा कोरडा असतो. चक्रीवादळाचा पाऊस आला की तो ढिगाच्या पायथ्याला धडकतो, तळ कोरतो, वरचा चुरा ढासळतो आणि पाण्याबरोबर खाली जातो. पाणी आटलं की पात्रात तंतू उरतात, वाळतात, वाऱ्यावर उडतात. म्हणून ४६,८४० हेक्टरचा पट्टा दूषित ठरवला आहे. हे तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, तो कित्येक वर्षांनी उमटतो. दोन हजारांवर माणसं गेली, असा अंदाज आहे.

(पाडकाम)

२०२२ मध्ये विटनूम बंद करण्याचा कायदा झाला, पुढच्या वर्षी उरलीसुरली घरं पाडली. अशा पाडकामात सतत पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर धूळ उठते. घरांचं काम त्यामानाने सोपं. ढीग उकरले तर तंतू हवेत, ठेवले तर पुरात.

बंजिमांचं मागणं एवढंच, की दरी साफ करा. २०२२ च्या कायद्याचा विषय मात्र गाव होता, ढीग नव्हते.