तिला काय हवंय, हे कोण विचारतंय?

नमस्कार. विषय तुम्हाला माहितीये, सिनेमा-मालिकांमधलं प्रेम आणि त्यातली बाई. यावर बोलायला लागलं की गाडी लगेच कपड्यांवर जाते, किती दाखवलं, किती झाकलं, त्यात मला आज अजिबात जायचं नाहीये. मला एकच गोष्ट बघायचीये. आपल्या लव्ह स्टोरीत त्याला ती हवीये हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, गाण्यासकट कळतं. तिला काय हवंय हे कधी कळतं?

थोडं मागून येते. १९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती करायला एकही बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंखेंनी ती भूमिका केली. पाठोपाठ 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, म्हणजे बायका आल्या हो, पण १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये परत साळुंखेच, आणि या वेळी राम पण तेच आणि सीता पण तेच. विरहात झुरणारा पुरुष आणि जिच्यासाठी झुरायचं ती पण पुरुषच. पुढे बायका आल्या, मोठ्या स्टार झाल्या, त्यांच्या नावावर थिएटरं भरली, पण सीतेने कधी लाजायचं, कधी रुसायचं, कधी हो म्हणायचं हे लिहिणारे आणि कॅमेरा कुठे लावायचा ते ठरवणारे बहुतेक पुरुषच राहिले. ब्रिटिश सिनेअभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये हॉलिवूडबद्दल हेच मांडलं, की पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते, आणि प्रेक्षक म्हणून आपणही त्या पुरुषाच्या डोळ्यांनी बघायला शिकतो. बाई प्रेक्षक असली तरी.

आता पाठलाग घ्या. तो तिच्या मागे कॉलेजपर्यंत जातो, ती नाही म्हणते, तो बसस्टॉपवर उभा, ती चिडते, तो मित्रांना घेऊन गाणं म्हणतो, ती ओढणी आवळून घेते, आणि इंटरव्हलच्या आधी कधीतरी ती हसते. का हसली? मधे काय झालं? तिच्या मनात काय बदललं याचा एकही सीन नसतो, फक्त तो थकला नाही एवढंच दाखवलेलं असतं. म्हणजे तिचा नकार हा त्याच्या चिकाटीची परीक्षा होऊन बसतो. बरं, यात व्हिलन आणि हिरोमधला फरक पण पुसला जातो. १९९३ च्या 'डर'मध्ये छळ करणारा शाहरुख होता आणि नवरा सनी देओल, आणि लोकांनी डोक्यावर कोणाला घेतलं ते तुम्हाला सांगायला नको.

२०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा बदलला, भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते ७८ आहे. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही तिच्या मागे लागणं, परत परत संपर्क करणं हा गुन्हा आहे. आपली कितीतरी लाडकी गाणी या कलमाशेजारी ठेवून बघा, एकेक ओळ बसते. आणि २०१५ मध्ये तर ऑस्ट्रेलियात, तस्मानियामध्ये, एका भारतीय तरुणाने बायकांचा पाठलाग केल्याचं कोर्टात कबूल केलं, तेव्हा त्याच्या वकिलाने युक्तिवाद केला की हिंदी सिनेमे बघून वाढलेल्या मुलाला हे नॉर्मल वाटतं. त्याला जेल झाली नाही. मला त्या बातमीतल्या बायका आठवतात, त्यांनी आपला एकही सिनेमा बघितला नसेल कदाचित, पण त्याची किंमत त्यांनी मोजली.

असं बोललं की कोणीतरी म्हणतंच, अहो पण बायकांनाच आवडतात ना हे पिक्चर. 'कबीर सिंग' २०१९ मध्ये प्रचंड चालला, त्यात तो अख्ख्या कॉलेजला आधी सांगून टाकतो की ही माझी, आणि तिला तोंड उघडायला नंतर कधीतरी मिळतं, तरी मुली गेल्याच की बघायला. हो, गेल्या. आणि त्या मुलींना मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या घरात तुला काय हवंय हे जेवायच्या ताटावर पण कोणी विचारत नाही, तिथल्या मुलीला कोणीतरी आपल्यासाठी वेडं होतंय हे बघणंच केवढं मोठं वाटतं. ती तहान खरी आहे. माझी तक्रार ही आहे की तिला फक्त एवढंच दिलं जातं, की तू कोणालातरी हवी आहेस. तुला कोण हवंय हा भाग गाळलेला असतो.

ज्यात गाळलेला नाही तिथेही बघा काय होतं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', १९९५, मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात वर्षानुवर्षं चालला. सिमरनला कोण हवाय हे अर्ध्या सिनेमात स्पष्ट झालेलं असतं, तिची आई पळून जा म्हणते, ती तयार असते. पण राज म्हणतो वडिलांच्या हातून घेऊन जाईन. मग उरलेला सिनेमा दोन पुरुषांमधला होतो आणि शेवटी रेल्वे स्टेशनवर बापाने मनगट सोडलं तेव्हाच ती धावते. मला तो सिनेमा आवडतो, खूप वेळा बघितलाय, पण त्या मनगटाकडे बघवत नाही आता.

आणि मराठीत हे आधी, फार आधी वेगळं करून झालंय हो! १९३७ चा शांतारामबापूंचा 'कुंकू'. शांता आपटेंची नीरा, मामाने म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलेली, आणि ती त्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते, रडून नाही, ताठ उभी राहून. सिनेमा तिचा नकार मोडत नाही, उलट त्या म्हाताऱ्यालाच स्वतःची चूक कळत जाते. आज मालिकेत असा नकार किती एपिसोड टिकेल?

मग थेट २०१६, 'सैराट'. सगळे बुलेट आणि ट्रॅक्टरबद्दल बोलतात, ते भारीच आहे, पण मला वर्गातलं ते बघणं जास्त महत्त्वाचं वाटतं. आर्ची परशाकडे बघते. चोरून नाही, मान वळवून सरळ बघत राहते, आणि लाजून खाली बघायची वेळ परशावर येते. थिएटरमध्ये तेव्हा जो गोंधळ व्हायचा त्यात पोरींच्या शिट्ट्या होत्या, मी ऐकल्यात. कॅमेऱ्याने एका मुलीच्या डोळ्यांनी मुलाला सुंदर दाखवलं, एवढी साधी गोष्ट, आणि ती आपल्यासाठी नवी होती. नागराज मंजुळेंनी शेवट तिच्या घरच्यांच्या हातात दिला आणि तो खरा होता, आपल्याकडे मुलीने जातीबाहेर स्वतः निवडलं की काय होतं ते आपण पेपरात वाचतोच. आणि बाईला बाईच हवी असेल तर? १९९८ मध्ये 'फायर' लागला तेव्हा मुंबईत थिएटरं फोडली.

पडद्याबाहेरचं पण थोडं. १९७३ मध्ये 'बॉबी' आला, देश डिंपलच्या प्रेमात पडला, पण तोपर्यंत तिचं राजेश खन्नाशी लग्न झालेलं होतं, आणि लग्नाच्या वेळी सोळा पण पूर्ण नव्हती ती. काम सुटलं, परत आली ती थेट १९८४ मध्ये. राजेश खन्नांचं काम लग्नाने सुटलं नाही. आजही मुलाखतीत हिरोइनला विचारतात, लग्नानंतर काम करणार का? हिरोला हा प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाहीये.

मालिकांवर मी कमी बोलणार होते, पण खरं तर रोज घराघरात तेच चालू असतं. तिथे बाई प्रत्येक फ्रेममध्ये आहे, सहन करते, कट करते, घर सांभाळते, बिझनेस पण उभा करते. फक्त तिला कोणी आवडायचं ते लग्न लागल्यावर, आणि शक्यतो नवराच. म्हणून २०१९ ची 'अग्गंबाई सासूबाई' मला महत्त्वाची वाटली, वयाने मोठी, विधवा बाई, मुलगा विरोधात, आणि सून तिचं लग्न लावून द्यायला उभी राहते. निवेदिता सराफांनी ती आसावरी इतकी खरी केली की कितीतरी घरांत आपल्या आईचा विचार पहिल्यांदा झाला असेल. तरी तिथेही तिच्यासाठी भांडायचं काम बरंचसं सुनेलाच करावं लागलं.

इथे लिहिणारी मंडळी बसलीयेत, मला चेहरे दिसतायत, तर तुम्हाला एक मागते. पुढचा प्रपोजचा सीन लिहाल तेव्हा त्याने विचारल्यावर कॅमेरा तिच्यावरच ठेवायला सांगा, म्युझिक नको, वाऱ्याने केस उडायला नकोत. तिला विचार करायला वेळ द्या. आणि ती नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी त्याला परत तिच्या बसस्टॉपवर पाठवू नका.