गुण्या बाजूला ठेवा: शिडाच्या बोटीत राहायचं घर

राहायचं घर करायला घेतलेल्या या जुन्या बोटीच्या आत बघा, काहीच नाहीये. झोपायचे बंक गेले, ओटा गेला, छताचं लोंबणारं रेक्झिन गेलं, आता उरलंय नुसतं फायबरग्लासचं कवच आणि मधे उभ्या दोन प्लायच्या भिंती. या भिंतींना बल्कहेड म्हणतात आणि खरं काम इथूनच सुरू होतं, लाकडाचा रंग कुठला आणि गाद्यांचं कापड कुठलं ते खूप नंतर.

बल्कहेड म्हणजे नुसतं पार्टिशन नाही. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचा जोर बोटीचा आकार बदलायला बघतो, तो या भिंती अडवतात, आणि बऱ्याच जुन्या बोटींमधे त्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात त्या पट्ट्या याच प्लायला बोल्ट केलेल्या असतात. पट्टी जिथे डेकमधून खाली येते तिथलं सील कधीतरी सुटतं, मग पाणी थेंबथेंब वर्षानुवर्षं प्लायमधे मुरत राहतं. वरून पॉलिश चकाचक, आणि स्क्रूड्रायव्हर टोचला की सरळ आत! अशी भिंत बदलायची तर आधी डोलकाठी उतरवायची, आणि एका वेळी एकच भिंत काढायची, कारण दोन्ही एकदम काढल्या तर कवच फाकतं आणि नवीन भिंत कुठल्या मापाची करायची तेच कळत नाही.

नवीन प्लाय मरीन ग्रेडचा, बीएस 1088 या ब्रिटिश मानकाचा, आणि त्याच्या सगळ्या कडा आधी इपॉक्सी रेझिन पाजून बंद करायच्या, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच. प्लाय थेट कवचाला भिडवायचा नाही, मधे फोमची पट्टी ठेवायची, नाहीतर त्या एका रेषेवर जोर येऊन तिथेच तडा जातो. मग दोन्ही बाजूंनी इपॉक्सीत भिजवलेल्या काचेच्या कापडाचे थर. कवचाच्या जुन्या पॉलिस्टर रेझिनवर नव्या पॉलिस्टरपेक्षा इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, पण आधी ग्राइंडर मारून रंग पूर्ण काढावा लागतो, आणि ती धूळ, बापरे, मास्क आणि अंगभर सूट घातल्याशिवाय कुणी या कामाला हातच लावू नये.

आता मापं घ्यायची. इथे काटकोन तपासायचा गुण्या चालत नाही, एकही कोपरा काटकोनात नाही, आणि बोट पाण्यात असेल तर पाणसळही गेली, तुम्ही डावीकडून उजवीकडे गेलात की बोट कलते आणि बुडबुडा उलट्या बाजूला सरकतो. म्हणून पातळ प्लायच्या पट्ट्या हॉट ग्लूने एकमेकींना चिकटवत कवचाचा आकार उचलायचा, तो सांगाडा बाहेर नेऊन मोठ्या प्लायवर ठेवायचा आणि कापायचं. आणि कापलेला तुकडा जिन्याच्या तोंडातून आत जातोय का हे आधी बघायचं. बल्कहेड अख्खा सहसा जात नाही, दोन तुकडे करून आत जोडावा लागतो.

कंपनीने बोट विकताना किती जण झोपतील तेवढंच मोजलेलं असतं. राहायचं म्हटलं की हिशोब बदलतो. नाळेतला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातला, तिकोनी बेड बंदरात मस्त, पण समुद्रात नाळ इतकी उसळते की तिथे झोप लागणं शक्यच नाही, त्यामुळे मधे एक अरुंद बंक हवाच आणि त्याला कापडी आडोसा, म्हणजे बोट कलली तरी माणूस खाली पडत नाही. गादीखाली सलग फळी नको, पट्ट्या हव्यात, नाहीतर अंगाच्या उबेने खाली दव धरतं आणि बुरशी. ओटा जिन्याजवळ, शेगडी झुलणारी. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात साचतो, म्हणून सिलिंडर आत ठेवतच नाहीत, त्याला बाहेर वेगळी पेटी आणि पेटीच्या तळाला समुद्रात उघडणारं भोक.

आणि फर्निचर 18 मिलिमीटरच्या प्लायमधे करायचा मोह आवरा. 9 चालतं तिथे 18 म्हणजे सरळ दुप्पट वजन, वरून टाकीतल्या 200 लिटर पाण्याचे 200 किलो आहेतच.

पण माझं ठाम मत विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं काय, तर प्रत्येक गोष्टीपर्यंत हात पोचला पाहिजे. कवचातून आरपार जाणारा प्रत्येक व्हॉल्व्ह, कीलचे, म्हणजे बोटीखालच्या जड पात्याचे, बोल्ट, वायरचे जोड, त्या तारांच्या पट्ट्या, सगळं. पाण्याखाली अर्धा मीटरवर 38 मिलिमीटरचा पाइप निसटला तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येतं, आणि तेव्हा तुम्ही सुंदर ड्रॉवरचे स्क्रू शोधत बसणार? म्हणून पॅनल चिकटवायचं नाही, स्क्रूने बसवायचं, आणि त्या व्हॉल्व्हवर तर नुसतं उचलून काढता येईल असं झाकण. दिसायला थोडं ओबडधोबड दिसतं, दिसू दे.

दारं सगळ्यात शेवटी. बोट जमिनीवर टेकूंवर उभी असताना तिचा आकार थोडा वेगळा असतो, पाण्यात उतरली, तारा ताणल्या की थोडा वेगळा. जमिनीवर एकदम फिट बसवलेलं टॉयलेटचं दार पाण्यात गेल्यावर अडकून बसतं. चौकटी आत्ता बसवा, दारं मात्र डोलकाठी चढल्यावर आणि तारा ताणल्यावरच तासायला घ्या.