येऊरची बशी

[ओहोळाचं पात्र. कॅमेरा दगडांवरून हळूहळू वर सरकतो.]

जुलैत या ओहोळात पाय टिकत नाही. आज फेब्रुवारीची वीस तारीख आहे, आणि दगड कोरडे ठणठणीत. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पण येऊरचा डोंगर काळ्या पाषाणाचा, वर मातीचा थर पातळ. मुरतं थोडं, वाहून जातं फार.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. वाळूत उमटलेला हा रुंद खूर सांबराचा. शेजारचा लहान, टोकदार, तो चितळाचा. दोन्ही एकाच दिशेने गेलेत, पाण्याच्या शोधात खाली, वस्तीकडे. खाली कुत्री आहेत, आणि पुढे घोडबंदर रस्ता.

[निळा ड्रम, करवत, पत्रा.]

सुरुवात या ड्रमपासून झाली. दोनशे लिटरचा ड्रम तिपाईवर चढवायचा, तळाला भोक पाडायचं, खाली मका सांडत राहील. हरणांना घास मिळेल, एवढंच मनात होतं. पाड्यावरचे एक वारली आजोबा बराच वेळ आमचं काम बघत बसले होते. खायला रानात आहे, तुम्ही पाण्याचं बघा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ते खरंच होतं. हा मोह बघा. महिन्याभरात याच्याखाली फुलांचा सडा पडेल. त्या उंबरावर वानरं चढलीत, अर्धी फळं खाली टाकताहेत, आणि खाली चितळं वेचताहेत. मका मात्र रवंथ करणाऱ्या जनावराने एकदम पोटभर खाल्ला तर पोटात आम्ल वाढतं, जनावर दगावूही शकतं. शिवाय सगळ्यांनी एकाच जागी तोंड घातलं की लाळेतून रोग पसरतात. अमेरिकेत हरणांच्या मेंदूला होणाऱ्या एका असाध्य रोगामुळे काही राज्यांनी असा चारा घालणंच बंद केलंय. ड्रम आम्ही परत नेला.

मग पाणवठा बांधायचं ठरलं. त्यासाठी वनविभागाकडे अर्ज, जागेची पाहणी, लेखी परवानगी.

[खोदकाम. पहारीचा आवाज येऊ द्या.]

जागा वनरक्षकांनी दाखवली. एकही झुडूप तोडायचं नाही, म्हणून मुळातच मोकळी, पायवाटेपासून लांबची जागा निवडली. पाणी पिताना हरणाची मान खाली असते. बिबट्या कुठून येतोय ते त्याला दिसलं पाहिजे.

आकार बशीचा. तीन मीटर व्यास, मधोमध दीड फूट खोली. यात सोळाशे लिटर पाणी मावतं. उभ्या भिंतींचा हौद बांधायला सोपा जातो, पण त्यात पडलेलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. सांबर खांद्याला माणसाच्या छातीपर्यंत येतं, आणि याच रानातलं पिसोरी हरीण फूटभरही उंच नसतं. दोघांनाही एकाच काठावरून पिता यावं, म्हणून काठ जमिनीच्या बरोबरीने ठेवला. लेव्हलच्या नळीने चारही बाजू दोनदा तपासल्या. एक बाजू बोटभर जरी खाली राहिली, तर पाणी तिथूनच निघून जाणार.

खड्डा झाल्यावर धुमस, म्हणजे तळाची माती ठोकून दाबणं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि टिकाऊपणा इथेच ठरतो. खालची माती दबली नाही तर पहिल्या पावसाळ्यात ती खचते आणि वर तडा जातो. आम्ही नऊ जणांनी आळीपाळीने दोन दिवस धुमस घातली. त्यावर दगडांचं सोलिंग, म्हणजे पायाचा थर, दगडांच्या फटींत मुरूम, वर लोखंडी जाळी. जाळी दगडावर टेकू द्यायची नाही. खाली छोट्या चिपा सारून ती उचलून धरली, म्हणजे काँक्रीट तिच्या दोन्ही अंगांनी बसतं.

[माल कालवताना. घमेली हातोहात.]

एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. पाणी बेतानेच. माल पातळ केला की थापीला हलका लागतो, पण पुढे त्याला बारीक चिरा पडतात. थर चार इंचांचा. आणि एकाच दिवसात सगळी बशी भरायची, कारण आजचा आणि उद्याचा माल जिथे भेटतो तिथूनच गळती सुरू होते. सकाळी सातला पहिलं घमेलं पडलं, दुपारी चारला शेवटचं.

गवंडीदादा सवयीने गुळगुळीत घोटायला लागले होते. त्यांना थांबवलं. ओल्या काँक्रीटवर खराट्याने या रेघा ओढल्या, खूर घसरू नये म्हणून. मधोमध तीन दगड अर्धे रुतवले. मधमाश्या आणि पाखरं त्यांवर बसून पितील.

चौदा दिवस तराई. गोणपाट पसरून सकाळ-संध्याकाळ पाणी. पाण्याचे कॅन खांद्यावरून यायचे.

[पाण्यात बुडवलेली कागदी पट्टी, जवळून.]

नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. पहिल्या पाण्यात पट्टी गडद निळी झाली, म्हणजे चुना फार. ते पाणी उपसलं. दुसऱ्यांदा भरलं, चार दिवस ठेवलं, पुन्हा उपसलं. तिसऱ्यांदा पट्टी हिरवी राहिली, तेव्हा कुठे बशी रानाच्या स्वाधीन केली.

[वनविभागाचा ट्रॅप कॅमेरा. निवेदन कमीत कमी.]

पहिल्या दिवशी बुलबुल.

चौथ्या दिवशी मुंगूस.

नवव्या संध्याकाळी चितळं. आधी एक मादी, बराच वेळ नुसती उभी.

[अकरावी रात्र. दोन वाजून चाळीस मिनिटं. सांबराची मादी आणि पाडस. निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज. दृश्य कापू नये.]

सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं होतं. काठाला कुठे ओल नाही, म्हणजे काठावरून तरी गळती नाही. पुढचा टँकर गुरुवारी.