लंडनच्या जुन्या घरांची फसवी भिंत

लंडनमधली ही अठराव्या शतकातली घरांची रांग. शेजाऱ्याशी भिंत सामाईक, रुंदी जेमतेम दोन-तीन खिडक्यांची. विटा पाहा: एक लांबीनं, एक टोकानं, पुन्हा एक लांबीनं. बघणाऱ्याला वाटतं, भिंत एकजीव आहे. पुष्कळदा ती तशी नसते.

दर्शनी वीट महाग. म्हणून टोकानं दिसणारी वीट बऱ्याचदा अर्धी तोडून लावलेली असते. मागच्या बांधकामात ती शिरतच नाही. मागे स्वस्त, कमी भाजलेल्या विटा आणि त्यांच्या थरांची उंची वेगळी. थर जुळले तिथेच काय ती पकड. त्यात आतल्या बाजूनं आडवी लाकडं चिणलेली. ओल लागली की ती कुजून दबतात, आतली बाजू खचते आणि बाहेरचं अर्ध्या विटेचं कवच फुगतं.

तपासायला वरच्या खिडकीतून ओळंबा सोडा आणि दर मजल्याला अंतर मोजा. भिंतीवर ठोकून पोकळ आवाज कुठे येतो, तिथे खूण करा. मग विटेत नव्हे, सांध्यात बारीक भोक पाडून आत कॅमेरा घाला. मजल्याची एक फळीही उचला. तुळया बाजूच्या भिंतींवर टेकलेल्या असतील, तर दर्शनी भिंतीला मजल्याचा आधार नाही.

फुगवटा ढकलून सरळ करायचा मोह टाळावा, विटा निखळतात. आहे त्या जागीच स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या सळ्यांनी कवच मागच्या भिंतीला बांधतात. कुजलेलं लाकूड थोडंथोडं काढून तिथे चुन्यात वीट भरायची. सगळं एकदम काढलं, तर वरचा भार कुणी घ्यायचा?

खरा वैताग मात्र सिमेंटच्या दर्जांचा, म्हणजे विटांच्या सांध्यांत बाहेरून भरलेल्या सिमेंटचा. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती मऊ विटेतून वाट काढते. मग क्षार आणि हिवाळ्यातलं गोठणं मिळून विटेचा पापुद्रा उडवतात, दर्जा तेवढ्या शाबूत राहतात. त्या छिन्नीनंच काढाव्यात. ग्राइंडर विटेच्या कडा खातो आणि बारीक सांधा कायमचा रुंद होतो.

सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, धूळ झाडा, पाणी मारा. एक भाग चुना, तीन भाग वाळू. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा. भरलेल्या दर्जांवर ओलं गोणपाट टांगा. चुना झपाट्यानं वाळला की भुसभुशीत होतो.

आणि घर संरक्षित यादीत असेल, तर स्वरूप बदलणाऱ्या कामाला, अगदी आतल्यासुद्धा, आधी परवानगी.