मुआझ यांची लांबलेली नमाज

बंधू-भगिनींनो, चुकणाऱ्याशी सौम्यपणे बोलावे हे एरवी सर्वांनाच मान्य असते; अडचण येते ती चूक डोळ्यांसमोर घडत असताना आणि आपण बरोबर आहोत याची खात्री असताना. म्हणून आज मी मदीनेतील एका रात्रीच्या नमाजेविषयी बोलणार आहे.

हजरत मुआझ इब्न जबल हे कुरआनचे मोठे जाणकार. प्रेषित मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांच्या मागे इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज पढून ते आपल्या वस्तीत परतत आणि तेथे इमामत, म्हणजे नमाजेचे नेतृत्व, करत. एके रात्री त्यांनी कुरआनमधील सूरह (अध्याय) बकरा सुरू केली, जिच्या २८६ आयती (वचने) आहेत. जमातीत, म्हणजे त्यांच्या मागे नमाज पढणाऱ्यांत, पाणी वाहणाऱ्या उंटांमागे दिवसभर राबलेला एक माणूस होता. रात्रीची वीज आली की उसाला पाणी पाजायला निघणारे आपल्याकडचे शेतकरी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याचा थकवा वेगळा सांगावा लागणार नाही. तो रांगेतून बाजूला झाला, एकट्याने नमाज पुरी केली आणि निघून गेला. हे कानावर येताच मुआझ यांनी त्याला मुनाफिक, म्हणजे ईमानाचे नुसते सोंग घेणारा, ठरवले.

त्या माणसाने प्रेषितांकडे तक्रार नेली. तेव्हा बोल लागला तो मुआझ यांना: तू लोकांना फितन्यात, म्हणजे धर्मापासून दूर नेणाऱ्या कसोटीत, टाकणारा आहेस काय? हा प्रश्न प्रेषितांनी तीनदा केला आणि तुझ्या मागे म्हातारे, अशक्त, कामाधामाचे लोक उभे असतात, याची आठवण दिली.

माझ्या लहानपणी पुढच्या रांगेत उभ्या राहिलेल्या एका मुलाला कुणा वडीलधाऱ्याने दंड धरून मागे ओढले होते. त्या मुलाला मी पुन्हा मशिदीत पाहिले नाही. रांग मात्र सरळ झाली.

सूरह आले-इम्रानमधील १५९ वी आयत याच बाबतीत बोलते. इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत तिरंदाजांनी नेमून दिलेली जागा सोडली आणि मुस्लिमांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. त्यानंतर उतरलेली ही आयत प्रेषितांना सांगते की, तुम्ही कठोर आणि पाषाणहृदयी असता तर हे लोक तुमच्याभोवतून पांगले असते. तेव्हा त्यांना माफ करा आणि कामकाजात त्यांचा सल्ला घ्या. ज्यांच्या चुकीने घात झाला, त्यांचाच सल्ला!

याचा अर्थ चुकीला चूक म्हणायचे नाही, असा कुणी घेऊ नये. मशिदीत लघवी करू लागलेल्या खेडवळ अरबाला अडवू नका, असे प्रेषितांनी सहाबांना, म्हणजे आपल्या सोबत्यांना, बजावले, त्या जागेवर पाणी ओतून घेतले आणि मशीद अशा गोष्टींसाठी नसते, हे त्याला समजावूनही दिले. तालमीतला वस्ताद नवख्याचा चुकलेला डाव सोडून देत नाही. पण चार लोकांत त्याची फजिती करून तो शिकवत नाही, इतकेच.

मुआझ यांच्या बाबतीतही हेच घडले. बोल लावला खरा, पण इमामत काढून घेतली नाही. अश्-शम्स, अल्-आला, अल्-लैल यांसारख्या सूरह पढत जा, असे सांगितले. यांतील एकीच्याही आयती २१ पेक्षा जास्त नाहीत. पुढे याच मुआझ यांना अबू मूसा यांच्यासोबत यमनला पाठवताना प्रेषितांनी सांगितले: सोपे करा, अवघड करू नका, शुभवार्ता द्या, लोकांना दूर लोटू नका.