गाण्यातला पत्ता

नमस्कार मंडळी. आज हवेत चांगलाच गारठा आहे. कानटोपी घाला, चहाचा कप जवळ घ्या. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, गाणारे गिटारवादक. नाव मिसिसिपी जॉन हर्ट. त्यातलं ‘मिसिसिपी’ रेकॉर्ड कंपनीनं विक्रीसाठी चिकटवलेलं. माणूस मात्र खरोखरच त्या दक्षिणेकडच्या राज्यातला, अ‍ॅव्हलॉन नावाच्या एवढ्याशा खेड्यातला.

हर्ट अर्धलीनं शेती करायचे आणि गावच्या नाचगाण्याला गिटार वाजवायचे. त्याच भागातल्या विली नार्मर या गोऱ्या फिडलवादकानं त्यांचं नाव ओके रेकॉर्ड कंपनीच्या कानावर घातलं. १९२८ च्या फेब्रुवारीत मेम्फिसला आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. बाजारात आली त्यातली दोनच. तरी डिसेंबरात कंपनीनं थेट न्यूयॉर्कला बोलावून घेतलं, तेही नाताळाच्या तोंडावर.

पस्तिशीचा शेतकरी, कापसाचा मुलूख सोडून ऐन थंडीत त्या महानगरात. २१ डिसेंबरला त्यांनी एक गाणं गायलं, ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’. सकाळी साडेनऊच्या सुमाराला न्यूयॉर्कला पोचलो, शहर छान आहे पण आपल्यासाठी नाही, माझं गाव अ‍ॅव्हलॉन आणि तेच सारखं मनात घोळतंय, असं काहीसं. घरची ओढ लागलेल्या कुणाही माणसाचं गाणं. फरक इतकाच की गावाचं नाव त्यांनी उघड घेतलं.

रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत. पाठोपाठ महामंदी आली. हर्ट शेतावर परतले ते पस्तीस वर्षांसाठी.

१९६३ च्या मार्चमध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा वॉशिंग्टनचा एक तरुण, जुन्या रेकॉर्डचा वेडा, हेच गाणं ऐकून निघाला. चालू नकाशांत अ‍ॅव्हलॉन सापडेना, मिळालं ते १८७८ च्या एका अ‍ॅटलासात. तो दारात उभा राहिला तेव्हा हर्टना वाटलं, एफबीआयचा, म्हणजे केंद्रीय तपास खात्याचा माणूस आलाय! आणि घरात गिटारच नव्हती. हॉस्किन्सनं स्वतःची पुढे केली. सत्तरीचे हर्ट, तोवर कुणाची तरी गुरं राखत होते.

त्याच जुलैत ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले. मग बिऱ्हाड वॉशिंग्टनला हललं आणि सुरू झाली ती भटकंती. ज्या उत्तरेला ‘आपल्यासाठी नाही’ म्हणून आले होते, तिथंच आता हिवाळ्यामागून हिवाळे काढायचे. न्यूयॉर्कचं गॅसलाइट, बोस्टनजवळचं क्लब ४७, अशी कॉफीहाउसं. लहान खोल्या, समोर नातवंडांच्या वयाची कॉलेजची पोरं.

हिवाळ्यात नुसती गिटार सांभाळणं हेच एक काम असतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हीटरची कोरडी धग. लाकूड सुकतं, आक्रसतं, वेळेला पुढची फळी उभी तडकते. म्हणून आत आल्या आल्या पेटी उघडायची नाही, तशीच ठेवून द्यायची, लाकडाला हळूहळू ऊब घेऊ द्यायची. (आपल्याकडे पावसाळ्यात तबल्याचं जे होतं, त्याच्या अगदी उलट तऱ्हा.) आणि हर्ट तर तारा छेडायच्या नख्या बोटांना न लावता उघड्या बोटांनी वाजवायचे. बोटं गारठलेली असली, तर ते लपवायला काही नाही.

खरी मौज त्यांच्या अंगठ्याची. अंगठा खालच्या सुरांच्या तारांवर पाळण्याच्या झोक्यासारखा एका लयीत चालत राहतो, वर दोन बोटं गाणं विणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, दोन माणसं वाजवताहेत. आवाज कधी चढत नाही. ब्लूज म्हणजे आक्रोश, असं ज्यांना वाटतं त्यांनी हर्ट जरूर ऐकावेत. मला स्वतःला म्हातारपणचीच ध्वनिमुद्रणं जास्त भावतात. गळा खाली उतरलाय, पण घाई कसलीच नाही.

ही दुसरी खेप जेमतेम तीन वर्षं टिकली. शेवटी ते मिसिसिपीला परतले आणि २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडात वारले. तिथून अ‍ॅव्हलॉन फार लांब नाही.

आता ते १९२८ चं गाणं लावतो. सुईची खरखर येईल, रेडिओ बिघडलाय असं समजू नका. साडेनऊची वेळ ऐकू आली की कान त्या अंगठ्याकडे लावा.