नौदलातल्या इंजिनिअरची पदकं कशी वाचावीत

मित्रहो, विषय ब्रिटिश नौदलाचा आहे आणि काळ दुसऱ्या महायुद्धाचा. मुद्दा आधीच सांगून टाकतो. त्या काळचं शौर्यपदक पहिल्यांदा माणसाचा हुद्दा सांगतं, मग त्याचा पराक्रम. इंजिनरूममधल्या माणसाची पदकं बघताना हे विसरलं की सगळा हिशेब चुकतो.

२२ सप्टेंबर १९४३ची गोष्ट घ्या. नॉर्वेच्या खाडीत लपलेल्या टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर एक्स-६ ही बटुपाणबुडी चालून गेली. लांबी जेमतेम ५१ फूट, आत चार माणसं, दोन्ही कुशींना प्रत्येकी दोन टन स्फोटकं. पाण्यावर असताना ४२ अश्वशक्तीचं गार्डनर डिझेल, पाण्याखाली बॅटरीवरची मोटर. वाटेत एका कुशीतल्या स्फोटकाच्या पेटीत पाणी शिरून बोट कलली, पेरिस्कोपमध्येही पाणी गेलं. तरी स्फोटकं जहाजाखाली टाकली, बोट बुडवून दिली आणि चौघं कैद झाले. धोका चौघांना सारखाच होता. पदकं मात्र अशी: कप्तान लेफ्टनंट कॅमेरॉनला व्हिक्टोरिया क्रॉस, लॉरिमर आणि केंडल या दोन सबलेफ्टनंटांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, म्हणजे डीएसओ, आणि चौथ्या माणसाला, म्हणजे इंजिनरूम आर्टिफिसर (इंजिनाचा कुशल कारागीर) एडमंड गोडार्डला, कॉन्स्पिक्युअस गॅलंट्री मेडल, म्हणजेच सीजीएम.

हे एकदाच घडलं असंही नाही. ३१ जुलै १९४५ला जोहोरच्या सामुद्रधुनीत ताकाओ या जपानी क्रूझरवर एक्सई-३ या बटुपाणबुडीने हल्ला केला. तिथेही आर्टिफिसर चार्ल्स रीडला सीजीएम आणि सबलेफ्टनंट स्मिथला डीएसओ. बोटीतला गोताखोर मॅगेनिस मात्र साधा लीडिंग सीमन असूनही कप्तान फ्रेझरच्या बरोबरीने व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला, कारण त्या पदकाला हुद्द्याची अट नाही. बाकी शिडीला होती. अधिकाऱ्याला डीएसओ किंवा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, म्हणजे डीएससी. खलाशी आणि आर्टिफिसरला सीजीएम किंवा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, म्हणजे डीएसएम. १९९३ साली ही विभागणी गेली. सीजीएम आणि डीएसएम बंद झाली, डीएससी सर्वांना खुलं झालं. आणखी एक नियम ध्यानात ठेवा. त्या युद्धात मरणोत्तर द्यायला व्हिक्टोरिया क्रॉस, जॉर्ज क्रॉस आणि खलित्यातला उल्लेख जवळजवळ एवढंच होतं. तेव्हा मेलेल्या आर्टिफिसरच्या फितीवरचं, तो उल्लेख दाखवणारं ब्राँझचं छोटं ओकपान हलकं समजू नका.

आता कारकीर्द. आर्टिफिसर हा शिकलेला कारागीर: फिटर, टर्नर, बॉयलरमेकर, तांबटकाम करणारा. कोणी पोरवयात नौदलाचा शिकाऊ म्हणून आलेला, कोणी बाहेर काम शिकून भरती झालेला. खालच्या वर्गापासून पहिल्या वर्गापर्यंत, मग चीफ. त्यापुढे वॉरंट इंजिनिअर आणि नशीब असेल तर लेफ्टनंट (ई), ई म्हणजे इंजिनिअर. अधिकारी झाला की बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळं कापड. म्हणून एकाच छातीवर डीएसएम आणि डीएससी दोन्ही दिसली, तर गडी खालून वर आला हे न विचारता कळतं. शेजारी दीर्घसेवेचं पदक असेल तर शंकाच नको, ते खलाशांना १५ वर्षांनी मिळे.

खाली इंजिनरूममध्ये शौर्य म्हणजे नेमकं काय? त्या काळच्या विनाशिकेच्या बॉयलरमध्ये साधारण ३०० पौंड दाब आणि ६२० अंश फॅरनहाइटची अतितप्त वाफ असे. पाइप फाटला की वाफ दिसायच्या आधी भाजते. तिथे उभं राहून मुख्य स्टॉप व्हॉल्व बंद करायचा, तो बॉयलर जोडणीतून वेगळा करायचा, दुसऱ्याची वाफ जोडून टर्बाइन फिरतं ठेवायचं. बॉम्ब जहाजावर न पडता शेजारी पाण्यात पडला तरी धक्क्याने पंपांचे ओतीव लोखंडाचे पाय तडकत. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या गळू लागल्या की समुद्राचं पाणी बॉयलरला जाणाऱ्या फीडपाण्यात मिसळे. खारटपणा वाढला की बॉयलर उसळ्या मारतो, वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जातं आणि शेवटी नळ्या फुटतात. मग गळकी नळी शोधून दोन्ही टोकांना बूच ठोकायचं, तेही लढाई चालू असताना. आणि शिफारस कोण करणार? कप्तान, जो वर ब्रिजवर आहे. साक्षीदार वाचला नाही तर कागदावर काहीच उमटत नाही. माझ्या मते, इंजिन खात्याला पदकं कमी मिळाली असं वाटतं त्याचं मोठं कारण हेच.

प्रत्यक्ष पदकांचा संच हातात आला तर आधी पदकाची कड बघा. डीएसएम आणि सीजीएमच्या कडेवर नाव, हुद्दा आणि क्रमांक असतो. क्रमांकाआधीचं पी, डी किंवा सी म्हणजे त्याचं नौदल-बंदर: पोर्ट्समथ, डेव्हनपोर्ट, चॅटम. १९२५नंतरच्या भरतीत क्रमांकातलं केएक्स म्हणजे स्टोकर, भट्टीवरचा माणूस. आर्टिफिसर एमएक्समध्ये येतो, पण आचारी आणि रुग्णसेवकही त्यातच, म्हणून नुसत्या एमएक्सवर भरवसा नको, हुद्दा वाचा. दीर्घसेवेच्या पदकावर जहाजाचंही नाव मिळतं. डीएससीवर सरकारी नाव नसतं, युद्धकाळातल्या नगावर मागच्या बाजूला खालच्या भुजेवर फक्त साल. मोहिमेचे तारे तर ब्रिटिश सैन्याला बिननावाचेच दिले. बनवाबनवी होते ती इथे. अटलांटिक स्टार आणि फ्रान्स अँड जर्मनी स्टार वेगवेगळे लटकलेले दिसले की समजा कोणीतरी भर घातली आहे. नियमाने एकच तारा आणि दुसऱ्याबद्दल फितीवर पट्टी.

शेवटी कागद. लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातली ओळ त्रोटक असते, सुरक्षेपायी पुष्कळदा जहाजाचं नावही नसतं. तिथून फक्त तारीख घ्या. त्या तारखेवरून लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात नौदल खात्याच्या एडीएम १ आणि एडीएम ११६ या मालिका चाळा. मूळ शिफारसपत्र टिकलं असेल तर तिथे असतं, आणि कोणता व्हॉल्व कोणी बंद केला हे कळलंच तर त्यातूनच कळतं.